गोल गोळी की लांबट?

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत ठासावी लागे. गोळी सैल बसली की दारूचा वायू बाजूने निसटे. १८४९ साली फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांनी तळाशी पोकळ असलेली लांबट शिशाची गोळी केली. ती सहज आत सरके आणि बार उडताच तळ फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे. सैन्यांनी हा प्रकार उचलला.

मग मोठ्या जनावरांच्या शिकारीलाही तीच गोळी उत्तम? सातपुड्याच्या जंगलांत हिंडलेले ब्रिटिश अधिकारी जेम्स फॉरसिथ यांनी १८६३ च्या आपल्या पुस्तकात गोल गोळीची बाजू घेतली. का?

हिशेब करून पाहू. व्यासाच्या दुप्पट लांबीच्या दंडगोलाचे वस्तुमान त्याच व्यासाच्या गोलाच्या तिप्पट भरते. हलकी गोल गोळी भरपूर दारूने अधिक वेगात सुटते. हवेचा विरोध सोडून देऊ. सेकंदाला ५०० मीटर वेगाची गोळी १०० मीटरवर सुमारे २० सेंटीमीटर खाली येते. ३०० मीटर वेगाची ५४ सेंटीमीटर. झाडीत अंतराचा अंदाज हमखास चुकतो. तेव्हा कमी खाली येणारी गोळी नेमाजवळ लागते आणि जनावर नुसते जखमी होऊन तडफडत राहण्याची शक्यता घटते.

पण हवेचा विरोध हिशेबात धरला की गोल गोळीचा वेग लवकर मंदावतो. लांब पल्ल्यावर लांबट गोळीच सरस.

वाघाच्या शिकारीवर भारतात १९७२ च्या कायद्याने बंदी आली, ते योग्यच झाले. वर्गात मात्र हा जुना वाद जरूर मांडावा. ‘उत्तम कोणते?’ या प्रश्नाला ‘कशासाठी, किती अंतरावर?’ हे जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही, हे मुलांना आकडेमोडीतून आपोआप कळेल.