काशाची वाटी, कोयनेल आणि एकशे दोनचा पारा

निफाड ओलांडून येवल्याकडे निघालं की विंचूर लागतं. पानिपतातून जिवानिशी परतलेल्या विठ्ठल शिवदेवांचं घराणं याच गावामुळे विंचूरकर झालं. आज गाव ओळखलं जातं ते कांद्याच्या ट्रॅक्टरांमुळे आणि शेजारच्या लासलगावच्या बाजारामुळे. जहागिऱ्यांचा इतिहास कागदावर उतरला. दोन वर्षांचं पोर तापाने फणफणलं की घर रात्र कशी काढायचं, हे मात्र कुणा कारकुनाने टिपून ठेवलं नाही. ते राहिलं सहाणेवर, फडताळातल्या डब्यांत आणि सासूकडून सुनेकडे.

जुन्या घराला पहिला प्रश्न पडायचा तो ताप किती आहे हा नव्हे, कसला आहे हा. दातांचा, दृष्टीचा, हिवाचा, गोवराचा की देवीचा? मोजायचं साधन एकच, पालथा हात. तो आधी कपाळाला, मग पोटाला, मग तळपायाला लागायचा. पोट तव्यासारखं आणि पाय गार असले की जाणती बाई ओळखायची, ताप अजून चढणार. तिचं निरीक्षण बरोबर होतं. ताप चढत असताना कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात आणि मूल कुडकुडतं.

मग काशाची वाटी निघायची. तळपायाला तूप लावून वाटीच्या बुडाने गोल गोल घासत राहायचं. थोड्या वेळाने तूप काळं पडायचं आणि घर सुटकेचा श्वास टाकायचं, उष्णता उतरली! खरं तर तो काळेपणा काशातल्या तांब्याचा आणि घर्षणाचा. निरोगी पायावर घासलं तरी येतोच. पण एक माणूस तासभर पोराच्या पायाशी बसून आहे आणि मधूनमधून त्याच्याकडे बघतोय, हा वाटीचा फायदा काही कमी नव्हता. कांद्याच्या मुलखात तळपायाला कांद्याचा रसही चोळला जाई. तापात आकडी आली की नाकाशी धरायचा तोही फोडलेला कांदाच. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका येतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबतो. श्रेय कांद्याला जायचं.

सहाणेवरची गोष्ट जरा वेगळी. अतिविष, काकडशिंगी, पिंपळी आणि नागरमोथा हे बालचातुर्भद्र मुलांच्या ताप-खोकल्यासाठी वैद्य देत. घरोघरी त्यातलं अतिविष तरी मधात उगाळून चाटवलं जाई. किती वळसे उगाळायचं हे वयावर ठरे. म्हणजे मात्रेचं भान होतं, फक्त तराजू नव्हता.

देवी आल्या की मात्र औषधच बंद. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागत, फोडणी थांबे, बाहेरच्याला आत मज्जाव होई. आजार म्हणजे घरी आलेली देवीच. तिला हाकलायचं नाही, शांत करायचं. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता शिळं खायची रीत याच भीतीतून टिकली. परक्याला दाराबाहेर ठेवण्याने संसर्गाला थोडा आळा बसत असेल, पण मरणारी मुलं मरतच होती. उपाय आला तो मुंबईत. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस यशस्वीपणे टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. पुढची लस तिच्याच दंडावरच्या फोडातून निघाली आणि एका मुलाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अशी पसरली. आपल्या पोराला दुसऱ्याच्या पोराच्या फोडातलं पाणी टोचायचं, याला गावांनी विरोध केला यात नवल नाही. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडायला १९७५ साल उजाडलं.

हिवताप कुणी देवीच्या नावावर घातला नाही, पण त्याने घरं अधिक काळ छळली. विंचूरपासून फार लांब नाही ते नांदूर मध्यमेश्वर, जिथे १९०७ ते १९१३ या काळात गोदावरीवर बंधारा झाला. आता ते पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाटाचं पाणी शेताला सोन्यासारखं, पण पाट-चाऱ्यांत पाणी साचलं की हिवतापाच्या डासांचीही सोय होते. डासाचा दोष रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेत उघड केला. त्याआधीपासून इलाज होता कोयनेल, म्हणजे क्विनीन. सरकारने १८९२ पासून बंगालमध्ये त्याच्या पैशाच्या पुड्या चक्क पोस्टातून विकायला काढल्या. पण कडूजहर कोयनेल लहान मुलाला पाजणं म्हणजे एकाने हात धरायचे, दुसऱ्याने नाक.

१९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि डीडीटीचे पंप गावोगाव फिरले. भिंतींवर फवारणीच्या तारखा उमटल्या. पुढे दर पंधरवड्याला आरोग्य कर्मचारी दारात येऊन विचारू लागला, घरात कुणाला ताप? असेल तर बोटाला सुई, काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. तापाची सरकारी विचारपूस दारात येऊन होणं, ही ग्रामीण घराला नवीन गोष्ट होती.

याच सुमारास मध्यमवर्गीय फडताळात थर्मामीटर आला. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने १८६६-६७ च्या सुमारास तो सहा इंचांवर आणला. त्याआधीचा फूटभर लांब होता आणि वीस मिनिटं धरावा लागे. हवामान सेल्सिअसमध्ये सांगणारे आपण ताप अजून फॅरनहाइटमध्येच सांगतो. एकशे दोन म्हटलं की घर हलतं. पारा आला तशा कपाळावर पट्ट्या आल्या, गरिबाकडे मिठाच्या पाण्याच्या आणि हौशी घरात कोलनवॉटरच्या. त्यातलं अल्कोहोल उडताना गारवा देतं. पण तेच कातडीतून बाळाच्या अंगात शिरतं, म्हणून डॉक्टर आता ते नको म्हणतात.

जुन्यातल्या दोन रीतींना मात्र क्षमा नाही, एक लंघन आणि दुसरी गोधडी. तापलेल्या लेकराला पाणीसुद्धा मोजून द्यायचं आणि खिडक्या लावून त्याला गुंडाळून ठेवायचं, याने किती मुलं सुकली असतील! डागण्या देणं तर त्याहून भयंकर. मेळघाटातून अशा बातम्या अजून येतात.

आता गंमत अशी की, पाऱ्याचा आकडा पाहून घाबरू नका, मुलाकडे पाहा, असं बालरोगतज्ज्ञच सांगतात. पॅरासिटामॉल द्यायचं ते मूल अस्वस्थ असेल तर. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि सुइणींना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला पन्नास आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास पडले, तर खोकल्यासह आलेला ताप न्यूमोनियाचा असू शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, मान ताठ झाली किंवा मूल जागं होत नसेल, तर घरी थांबायचंच नाही.

घोळ आता बाटलीत होतो. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. बाळांचे थेंब तर त्याहून तीव्र. मात्रा वजनावर ठरते, किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम. पण थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला, तीही स्वयंपाकघरातल्या चमच्याने, हे घराघरात चालतं. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा बाटली बघायला मागतात, मग वजन करतात आणि मग आईला विचारतात, सकाळपासून शू किती वेळा केली?