विद्युत ओव्हनमधील बिघाड

विद्युत ओव्हनमधील बिघाड म्हणजे घरगुती ओव्हनचा वीजपुरवठा, तापक (हीटिंग एलिमेंट), तापमान-नियंत्रण किंवा सुरक्षा-यंत्रणा यांमध्ये निर्माण होणारे दोष होत. ओव्हन अजिबात न तापणे, कमी किंवा प्रमाणाबाहेर तापणे आणि ओव्हन सुरू करताच घरातील संरक्षक स्विच पडणे ही या दोषांची तीन प्रमुख लक्षणे आहेत. एकच लक्षण अनेक कारणांनी उद्भवू शकते. त्यामुळे लक्षणावरून थेट सुटा भाग बदलण्याऐवजी, विद्युत प्रवाहाचा मार्ग पुरवठ्यापासून तापकापर्यंत क्रमाने तपासणे ही निदानाची मूलभूत पद्धत मानली जाते.

प्रस्तुत लेखात टेबलावर ठेवायचा ओटीजी आणि ओट्यात किंवा कपाटात बसवलेला (बिल्ट-इन) विद्युत ओव्हन यांचा विचार केला आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनची रचना निराळी असते. त्यातील उच्चदाब धारित्रात (कपॅसिटर) प्लग काढल्यानंतरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे येथील तपासण्या त्याला लागू होत नाहीत.

रचना व कार्य

ओव्हनमधील उष्णता तापकात निर्माण होते. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, तार धातूच्या नळीत मध्यभागी बसवलेली असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण विजेला अटकाव करते. निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या तापक तारेचे एकस्व (पेटंट) अमेरिकन संशोधक अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले.

तापकाची शक्ती ही विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागल्यास मिळते. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. त्यानुसार १,५०० वॅटच्या तापकाचा रोध सुमारे ३५ ओहम, तर १,००० वॅटच्या तापकाचा सुमारे ५३ ओहम असतो. तापमान वाढले तरी नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही. म्हणून थंड अवस्थेत घेतलेले मापनही निदानासाठी पुरेसे ठरते.

तापमान-नियंत्रणाच्या तीन पद्धती आढळतात. साध्या ओटीजीमध्ये बहुधा द्विधातुपट्टीचा थर्मोस्टॅट असतो. दुसऱ्या पद्धतीत द्रवाने भरलेली कुपी ओव्हनच्या पोकळीत असते. द्रव प्रसरण पावला की त्याचा दाब केशनलिकेतून थर्मोस्टॅटपर्यंत पोहोचतो आणि मंडल खंडित होते. इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये संवेदकाचा (सेन्सर) रोध तापमानानुसार बदलतो. नियंत्रक पट्ट त्याचे मापन करतो आणि रिलेच्या साहाय्याने तापक चालू-बंद करतो. यांखेरीज तापमान मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठा तोडणारा औष्णिक खंडक (थर्मल कटआउट) अनेक ओव्हनमध्ये असतो.

तपासणीपूर्वीची दक्षता

बटण बंद केलेला ओव्हन वीजमुक्त झाला असे समजणे धोक्याचे आहे. अनेक ओव्हनमधील थर्मोस्टॅट दोन तारांपैकी एकच तार तोडतो. भिंतीवरील सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असल्यास थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो. अशा वेळी तापक थंड असूनही त्यात फेजचा विद्युतदाब कायम राहतो. म्हणून आवरण उघडण्यापूर्वी प्लग काढणे आवश्यक असते. ओव्हन थेट वायरिंगला जोडलेला असल्यास मुख्य स्विच बंद करून पुरवठा खरोखर तुटल्याची खात्री टेस्टरऐवजी मल्टिमीटरने करावी लागते. रोधाचे मापन नेहमी पुरवठा तोडल्यानंतरच आणि तापकाची किमान एक तार सोडवून केले जाते, अन्यथा समांतर जोडलेल्या भागांमुळे चुकीचे आकडे मिळतात.

निदानाचा क्रम

१. पुरवठा : २,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. बदली प्लग वापरून ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवल्यास संपर्क तापून काळवंडतात. विद्युतदाब कमी असल्यास शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २०० व्होल्टला ओव्हनची शक्ती सुमारे ७६ टक्के, तर १८० व्होल्टला सुमारे ६१ टक्के उरते. सायंकाळी ओव्हन उशिरा तापतो आणि दुपारी नीट चालतो, अशा प्रसंगी दोष ओव्हनमध्ये असण्यापेक्षा पुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक असते.

२. मांडणी : बहुतेक ओटीजीमध्ये टायमर शून्यावर असताना तापक चालू होत नाही. अनेक बिल्ट-इन ओव्हन वीज जाऊन आल्यानंतर घड्याळाची वेळ पुन्हा लावेपर्यंत तापत नाहीत. बालसुरक्षा-कुलूप चालू राहिल्यानेही ओव्हन निष्क्रिय दिसतो. हे बिघाड नव्हेत.

३. सुरक्षा-यंत्रणा : औष्णिक खंडक कार्यान्वित झाला असल्यास तो पूर्ववत करण्याआधी कारण शोधणे गरजेचे असते. बंद पडलेला शीतक पंखा, कोंडलेली हवेची जागा किंवा न थांबणारा थर्मोस्टॅट ही त्याची नेहमीची कारणे होत. खंडकाला वळसा घालून तारा थेट जोडल्यास आगीचा धोका निर्माण होतो.

४. तापक : मल्टिमीटरवर अनंत रोध दिसल्यास तार तुटलेली असते. नळीवरील फोड, चीर किंवा वितळलेला डाग हीदेखील त्याची खूण असते. तापकाची टोके सैल असल्यास तेथे ठिणग्या पडून तारेचे आवरण जळते. नवा तापक बसवताना जळालेले टोकही बदलावे लागते.

५. थर्मोस्टॅट किंवा संवेदक : आटा मागे घेतलेल्या व पूर्ण फिरवलेल्या अशा दोन्ही स्थितींत थर्मोस्टॅटचे संपर्क अनुक्रमे उघडतात व मिटतात का, हे पाहिले जाते. प्लॅटिनमच्या संवेदकाचा रोध तापमानासह वाढतो, तर एनटीसी प्रकारच्या संवेदकाचा कमी होतो. पीटी-१००० या प्लॅटिनम संवेदकाचा रोध ० अंश सेल्सिअसला १,००० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १,३८५ ओहम असतो.

६. नियंत्रक पट्ट : वरील सर्व भाग निर्दोष आढळल्यासच पट्टाकडे वळले जाते. रिलेचा आवाज येऊनही तापकाला वीज न मिळणे हे जळालेल्या संपर्काचे लक्षण होय. पट्ट हा सहसा ओव्हनमधील महागडा भाग असतो. संवेदकाची सैल तार किंवा तुटलेला तापक तपासल्याविना तो बदलल्यास खर्च होऊनही दोष कायम राहतो. पडद्यावर दिसणारे दोषांक प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात. त्यांचा अर्थ त्या प्रतिमानाच्या पुस्तिकेतच पाहावा लागतो.

तापमानातील दोष

थर्मोस्टॅट तापक चालू-बंद करत असल्याने तापमानात चढउतार होणे स्वाभाविक आहे. दर्शक दिवा मधूनमधून विझणे हाही दोष नव्हे. ओव्हन-तापमापी पोकळीच्या मध्यभागी ठेवून अनेक आवर्तनांची सरासरी काढल्यास खरी स्थिती कळते. फरक प्रत्येक वेळी तेवढाच असल्यास थर्मोस्टॅटचे अंशांकन बिघडलेले असते. पदार्थ खालून करपत असेल आणि वरून कच्चा राहत असेल, तर वरचा तापक तपासावा लागतो.

ओव्हन तापतच राहणे हा सर्वांत गंभीर दोष आहे. थर्मोस्टॅटचे किंवा रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटणे हे त्याचे एक कारण होय. साध्या रचनेच्या थर्मोस्टॅटमध्ये केशनलिका फुटून द्रव गळाल्यास दाब निर्माण होत नाही आणि संपर्क मिटलेलेच राहतात. असा ओव्हन दुरुस्तीपर्यंत वापरणे असुरक्षित असते.

संरक्षक स्विच पडणे

एमसीबी तत्काळ पडल्यास लघुमंडल (शॉर्ट सर्किट) आणि काही मिनिटांनी पडल्यास अतिरिक्त भार किंवा सैल जोड संभवतो. आरसीसीबी पडणे हे मात्र जमिनीकडे होणाऱ्या गळतीचे लक्षण आहे. घरगुती संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा आरसीसीबी वापरला जातो.

मॅग्नेशियम ऑक्साइड आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशांत पावसाळाभर न वापरलेला ओव्हन सुरू करताच आरसीसीबी पडू शकतो. मल्टिमीटरचा विद्युतदाब अल्प असल्याने त्यावर ही गळती अनेकदा दिसत नाही. ती ५०० व्होल्टच्या निरोधन-मापकाने (मेगर) तपासली जाते. तापक काढून वाळवल्यावर निरोधन सुधारल्यास तो पुन्हा वापरता येतो, अन्यथा बदलावा लागतो.

स्विच पडू नये म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे अत्यंत धोकादायक आहे. त्याने गळती थांबत नाही, केवळ तिचा सुरक्षित मार्ग बंद होतो. ओव्हनच्या धातूच्या आवरणात विद्युतदाब येतो आणि स्पर्श करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे वाहतो.

दुरुस्तीची मर्यादा

पुरवठा, मांडणी आणि बाह्य खुणा यांची पाहणी सर्वसामान्य वापरकर्त्यालाही करता येते. आवरण उघडून करायच्या तपासण्या प्रशिक्षित तंत्रज्ञाने करणे योग्य ठरते. दुरुस्तीनंतर अर्थिंगची सलगता आणि निरोधन पुन्हा मोजले जाते, कारण ओव्हन तापू लागला म्हणजे तो सुरक्षित झाला असे सिद्ध होत नाही.