शेट्टी, चिराग
शेट्टी, चिराग : (४ जुलै १९९७ – ). ख्यातनाम भारतीय बॅडमिंटनपटू व पुरुष दुहेरीत जागतिक क्रमवारीचे अग्रस्थान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय जोडीतील एक. जन्म मुंबई येथे. आंध्र प्रदेशातील अमलापुरमचे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्या समवेत त्यांनी थॉमस चषक (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा), राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा, आशियाई अजिंक्यपद आणि आशियाई क्रीडास्पर्धा या चारही ठिकाणी सुवर्ण संपादन केले; आणि ज्या देशात दुहेरी हा प्रकार बहुधा एकेरीत मागे पडलेल्यांचा आश्रय समजला जात असे, तेथे तो सर्वस्व वाहून घेण्याजोगा स्वतंत्र मार्ग आहे, हे आपल्या कारकीर्दीने निर्विवाद सिद्ध केले.

बॅडमिंटनची आद्य नियमावली ज्या पुण्याच्या लष्करी छावणीत १८७० नंतरच्या दशकात आकारास आली, त्या पुण्याच्या प्रांतात दुहेरीची परंपरा मुळीच नव्हती असे नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायातील सेलँगोर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या नावावर एकेरीइतकीच, म्हणजे सहा, पुरुष दुहेरीची राष्ट्रीय अजिंक्यपदेही रुजू आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने कांस्यपदक मिळविले, तर वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टा यांनी अश्विनी पोनप्पा यांच्यासह २०१० चे राष्ट्रकुल सुवर्ण व २०११ चे जागतिक कांस्य पटकावले. तथापि प्रकाश पदुकोण, पुल्लेला गोपीचंद, सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांच्या तेजाने दिपलेल्या लोकांच्या नजरेत ही यशे अपवादासारखीच राहिली, आणि पुरुष दुहेरीची वाट तर गंधे-डिसांनंतर चार दशके जवळजवळ ओसाड होती.

शेट्टी यांची प्रारंभीची तालीम गोरेगाव येथे उदय पवार यांच्या अकादमीत झाली आणि पुढे ते हैदराबादच्या गोपीचंद अकादमीत दाखल झाले. तेथे मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांची गाठ रंकीरेड्डी यांच्याशी घातली. दोघेही उंच, दोघेही मागच्या पट्ट्यातून जोरकस फटके मारण्यात रमणारे. अशा दोघांची मोट बांधणे रूढ संकेताच्या विरुद्ध होते, कारण जोडीत एकाने मागे हल्ला करावा व दुसऱ्याने जाळीपाशी तो रचून द्यावा, अशी सर्वसाधारण वाटणी असते. जाळीजवळचे हे कष्टाचे, टाळ्या कमी मिळविणारे काम शेट्टी यांनी नव्याने आत्मसात केले. २०१६ साली या जोडीने मॉरिशसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

जाळीजवळच्या या कामाचे मोल खेळाच्या रचनेवरून ध्यानी येते. दुहेरीचे क्रीडांगण ६.१ मीटर रुंद असले, तरी सर्व्हिस मागच्या सीमारेषेच्या ०.७६ मीटर आतच पडावी लागते, आणि २०१८ पासूनच्या दंडकानुसार ती करताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरांच्या खाली असावे लागते. त्यामुळे सर्व्हिस जाळीला लगटून गेली नाही, तर प्रतिपक्ष तिच्यावर तत्क्षणी तुटून पडतो. ती नीट गेली की शेट्टी रॅकेट छातीच्या वर धरून पुढे सरसावतात, सपाट परतफेड जाळीपाशीच अडवितात आणि प्रतिस्पर्ध्याला शटल उंच उचलणे भाग पाडतात. मग मागून रंकीरेड्डी यांचा स्मॅश कोसळतो, ज्याचा ताशी ५६५ किलोमीटर वेग २०२३ साली विक्रम म्हणून नोंदला गेला. वेगाचा तो विक्रम एकाच्या नावावर असला, तरी सामन्यात त्या फटक्याला संधी निर्माण करण्याचे श्रेय वारंवार दुसऱ्याचे असते. गरज पडताच दोघे जागांची अदलाबदल करतात, हे या जोडीचे दुसरे बळ होय.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र सांघिक सुवर्ण व दुहेरीचे रौप्य या जोडीला मिळाले. २०१९ मध्ये थायलंड खुली स्पर्धा जिंकून जागतिक दौऱ्यातील सुपर ५०० दर्जाचे अजिंक्यपद मिळविणारी ती पहिली भारतीय पुरुष जोडी झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र दैव प्रतिकूल होते : गटातील तीनपैकी दोन सामने जिंकूनही, आणि पुढे सुवर्ण मिळविणाऱ्या ली यांग–वांग ची-लिन या तैवानी जोडीस हरवूनही, गेमच्या फरकाच्या हिशेबात ते गटातच बाद झाले.

या काळात डेन्मार्कचे माजी ऑलिंपिक रौप्यविजेते माथियास बो यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. २०२२ साल उजाडले ते इंडिया ओपनच्या विजेतेपदाने; आणि १५ मे रोजी बँकॉक येथे थॉमस चषकाच्या अंतिम फेरीत, चौदा वेळा हा चषक जिंकलेल्या इंडोनेशियाविरुद्ध, लक्ष्य सेन यांनी आघाडी मिळवून दिल्यावर ही जोडी मोहम्मद अहसान व केव्हिन सुकामुल्जो यांच्यापुढे उभी राहिली. पहिला गेम १८–२१ असा गेला. दुसऱ्यात पराभव एका गुणावर येऊन ठेपला असता तो परतवून त्यांनी २३–२१ अशी बरोबरी साधली आणि निर्णायक गेम २१–१९ असा घेतला. पाठोपाठ किदांबी श्रीकांत यांनी ३–० असे शिक्कामोर्तब केले व चषक प्रथमच भारतात आला. त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेत कांस्य, म्हणजे पुरुष दुहेरीतील भारताचे पहिले जागतिक पदक, त्यांनी मिळविले.

२०२३ हे परमोत्कर्षाचे वर्ष. दुबईतील आशियाई अजिंक्यपद, जे यापूर्वी केवळ दिनेश खन्ना यांनी १९६५ मध्ये एकेरीत भारतास मिळवून दिले होते. जकार्ता येथील सुपर १००० दर्जाची इंडोनेशिया खुली स्पर्धा. आणि ७ ऑक्टोबर रोजी हांगझोऊ येथे चोई सोल-ग्यू व किम वोन-हो या कोरियन जोडीवर २१–१८, २१–१६ अशी मात करून मिळविलेले, बॅडमिंटनमधील भारताचे पहिले आशियाई क्रीडासुवर्ण, ही त्या वर्षाची कमाई. लगोलग जोडी जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी विराजमान झाली.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया–सोह वूई यिक यांनी पहिला गेम गमावूनही शेट्टी–रंकीरेड्डी यांना पराभूत केले. त्याच पॅरिसमध्ये २०२५ च्या जागतिक स्पर्धेत त्याच मलेशियन जोडीस नमवून त्यांनी दुसरे जागतिक कांस्य मिळविले. शेट्टी यांस अर्जुन पुरस्कार (२०२०) व मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार (२०२३) प्राप्त झाले असून, दोन्ही सन्मान रंकीरेड्डी यांनाही त्या-त्या वर्षी लाभले. ही योजना न्याय्यच होय. कारण जाळीपाशी उभे राहून जोडीदाराच्या फटक्यासाठी खपणाऱ्या खेळाडूची थोरवी त्या जोडीदाराला वगळून मोजता येत नाही, आणि आपल्या गुणांचा असा वाटा दुसऱ्याच्या पदरी घालण्यात उणेपणा न मानणे, हेच दुहेरीतील श्रेष्ठतेचे खरे लक्षण आहे.