कोलकात्याचे घर, ७९ बी/६

कोलकात्यात वाढणाऱ्या एका मराठी मुलाने मला विचारले, "नकाशात आमचे घर कुठे आहे, हे पुण्याच्या आजीला फोनवरून कसे सांगायचे?" प्रश्न बालसुलभ होता, पण प्रशासनाच्या मुळाशी जाणारा.

आधी नकाशाचे पान ठरवावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने चार अंशांच्या चौरसांना क्रमांक दिले, प्रत्येकाचे ए ते पी असे सोळा भाग केले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. या पद्धतीने कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल ७९ बी/६ या पानावर येते, तर पुण्याचा शनिवारवाडा ४७ एफ/१४ वर.

मग मी गणिताची चौकटींची वही घेऊन एका चौकटीत तीळ ठेवला. खालच्या कडेने डावीकडून उजवीकडे आणि डाव्या कडेने खालून वर आकडे घातले. नियम एकच : आधी पूर्वेकडे सरकायचे, मग उत्तरेकडे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटरची चौकट म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. चार आकडे ती चौकट दाखवतात. तिच्या बाजूंचे मनाने दहा-दहा भाग पाडून सहा आकडे दिले, की शंभर मीटरपर्यंत नेमकेपणा येतो.

या आकड्यांमागे प्रत्यक्ष मोजणी आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली १८३१-३२ मध्ये कोलकात्याच्या बराकपूर ट्रंक रोडवर पायारेषा मोजली गेली. तिच्या दोन टोकांचे, पाइकपाडा आणि सुखचर येथील, मनोरे याच ७९ बी/६ पानाच्या हद्दीत येतात. कोलकात्याचेच गणिती राधानाथ सिकदार १८३१ मध्येच त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणक म्हणून रुजू झाले.

पुरात अडकलेल्या वस्तीचा पत्ता 'मोठ्या वडाजवळ' असा कळवला, तर परगावच्या बचाव पथकाला काय उमजणार? वड ओळखणारा गावकरी तर स्वतःच छपरावर अडकलेला. नकाशाचे पान आणि सहा आकडे मात्र परक्यालाही तिथवर नेतात, पण क्रम बरोबर असेल तरच.

मुलाने पहिल्या खेपेला आकडे उलटे सांगितले. सांगितल्याप्रमाणे मी बोट भलत्याच चौकटीवर ठेवले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे नाव आमचे आणि घर दुसऱ्याचे!" शासकीय नोंदींतली चूक मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितली नव्हती.