तार तीच, धनी दुसरा

दिवाळीच्या चार दिवसांत घराघरांतून जेवढी वीज जळते, तेवढी तिची आठवण मात्र कोणाला होत नाही. आकाशकंदील लागतो, गॅलरीला रंगीत दिव्यांची माळ चढते आणि पुढच्या महिन्यात बिल हाती आले की घरधन्याच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीचा इतिहास सांगण्याचा आज विचार आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आलेच पाहिजेत असे नाही. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकविलेल्या बिलांच्या चळतीतही इतिहास असतो, आणि त्यातही लढाया आणि तह असतातच!

मुंबईपुरतेच बोलायचे तर विजेची कहाणी सव्वाशे वर्षांपेक्षा फार जुनी नाही. 1865 साली या शहरातले काही रस्ते प्रथम गॅसच्या दिव्यांनी उजळले. ट्राम आली ती 1874 साली, आणि तिला घोडे जुंपलेले असत. 1905 साली वीज आणि ट्राम या दोन्हींचा कारभार पाहणारी एक कंपनी स्थापन झाली आणि 1907 साली घोड्यांवाचून चालणारी ट्राम रस्त्यावर आली. हीच कंपनी 1947 साली महापालिकेने घेतली, आणि आज आपण तिला ‘बेस्ट’ म्हणून ओळखतो.

इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर दुसराच उद्योग चालला होता. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस तलावांत अडवावा, नळांतून कोकणच्या बाजूला सोडावा आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ती प्रत्यक्षात उतरलेली पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ते 1904 साली वारले आणि खोपोलीचे वीजघर सुरू झाले 1915 साली. त्यामागून 1922 साली भिवपुरीचे आणि 1927 साली भिऱ्याचे वीजघर उभे राहिले.

भिऱ्याचे नाव घेतले की मुळशीचे नाव घ्यावेच लागते. त्या वीजघराला पाणी देणाऱ्या धरणाखाली मावळ्यांची पिढीजात भाताची खाचरे जाणार होती. 1921 सालच्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. लढा हरला, खाचरे पाण्याखाली गेली, आणि मुंबईला दिवे मिळाले. विजेच्या बिलावर निरनिराळ्या आकारांच्या ओळी असतात, पण मुळशीच्या नावाची ओळ कोठे सापडत नाही. ही गोष्ट एवढ्यापुरती लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

उपनगरांत वीज पोहोचविण्यासाठी 1929 साली आणखी एक कंपनी निघाली. पुष्कळ वर्षे ती टाटांकडून वीज घाऊक विकत घेई आणि किरकोळीने घरोघर देई. पुढे 1995 च्या सुमारास डहाणूला तिचे स्वतःचे वीजघर झाले. नव्या शतकाच्या आरंभी ती रिलायन्सकडे गेली आणि 2018 साली अदानींकडे. ग्राहकाच्या दारातली तार मात्र तीच राहिली. धनी बदलत होते, पण ग्राहकाला कोणी विचारीत नव्हते. तुमच्या गल्लीत ज्याची तार, त्याचीच वीज, हा शिरस्ता. भाजी महाग वाटली तर माणूस दुसऱ्या गाड्यावर जातो. विजेच्या बाबतीत दुसरा गाडाच नव्हता.

हा शिरस्ता मोडण्याची वाट 2003 सालच्या वीज कायद्याने मोकळी केली. एकाच भागात एकाहून अधिक कंपन्यांना परवाना मिळावा आणि ग्राहकाला निवड करता यावी, अशी त्या कायद्याची दिशा होती. टाटांना उपनगरांतल्या लहान ग्राहकांना थेट वीज विकता येईल की नाही, यावरून दोन मोठ्या घराण्यांच्या कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर 8 जुलै 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. तरी एक अडचण राहिलीच. प्रत्येक इमारतीपर्यंत नवी तार ओढायची म्हणजे मुंबईचे रस्ते पुन्हा खणायचे. तेव्हा ऑक्टोबर 2009 मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने तोड काढली. तार जुन्याच कंपनीची वापरावी, तिला तारेचे भाडे म्हणून वहन आकार द्यावा, आणि वीज मात्र नव्या कंपनीची घ्यावी. एका दारातून दोन दुकानदार, असा हा तह होता.

त्या वेळी दोघांच्या दरांत चांगलेच अंतर होते. पाहता पाहता अर्ज करणाऱ्यांची रीघ लागली आणि पुढच्या काही वर्षांत कंपनी बदलणाऱ्यांचा आकडा लाखांच्या घरात गेला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, त्या रांगेत होती.

ताईचे यजमान लवकर गेले. उपनगरातले दोन खोल्यांचे घर, एका कचेरीतली बेताची नोकरी आणि एकुलता एक मुलगा, एवढाच तिचा संसार. 2010 च्या गणपतीनंतर तिने कंपनी बदलली. डिसेंबरचे बिल हाती आले तेव्हा ती इतकी खूष झाली, की रविवारी पेढे घेऊनच माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘अरे, मे महिन्यापेक्षा पाचशे नव्वद रुपये कमी! मी पोस्टात महिना पाचशेचे खाते उघडलेसुद्धा. पोराच्या फीला होतील.’’

मी पडलो शाळामास्तर. पेढा तोंडात टाकला आणि दोन्ही बिले मागून घेतली. मे महिन्यात 276 युनिटे जळली होती, डिसेंबरात 168. मग मी जुन्या कंपनीचे दरपत्रक शोधले आणि त्याच 168 युनिटांचे बिल जुन्या दराने मांडले. दोहोंतला फरक निघाला एकशे वीस रुपयांचा. म्हणजे नव्या कंपनीने वाचविले ते एवढेच. उरलेले चारशे सत्तर रुपये कंपनी बदलली नसती तरी वाचलेच असते.

‘‘मग ते कुठून आले?’’ ताईने विचारले.

मी म्हणालो, ‘‘काही थंडीने दिले, कारण पंखे बंद आहेत. आणि बाकीचे...’’

पुढचे तिनेच ओळखले. भाचा ऑगस्टमध्ये इंजिनियरिंगला म्हणून वसतिगृहात गेला होता. रात्री दोनदोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा, पंखा आणि संगणक चालत असे. ती खोली आता अंधारी होती. ताई थोडा वेळ बिलाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे पोर घरात नाही, त्याचे हे पैसे.’’ मी हिशेब बरोबर केला होता, पण तो केला नसता तर बरे झाले असते, असे मला त्या क्षणी वाटले.

तरीही सांगतो, हिशेब करायलाच हवा. हा भ्रम काही एकट्या ताईचा नव्हे. इंग्लंडात 1998-99 मध्ये प्रत्येक घराला आपला वीजपुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली. तेथे ख्रिस विल्सन आणि कॅथरिन वॉडम्स प्राइस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, केवळ पैसे वाचावेत म्हणून कंपनी बदललेल्या लोकांचे हिशेब तपासले. त्यांचा निबंध 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे, की अशा लोकांपैकी शंभरात निदान सतरा जणांनी पूर्वीपेक्षा महाग सौदा पदरात पाडून घेतला होता! पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी केलेल्या लोकांची ही कथा, तर आपली काय!

अशी फसगत होते, कारण वीज ही वजनकाट्यावर दिसणारी वस्तू नव्हे. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, त्यापुढच्यांचा दुसरा, तीनशेच्या पुढे तिसरा. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधनाचा आकार आणि सरकारचे वीज शुल्क. एका कंपनीचा पहिला दर स्वस्त असेल, तर दुसरीचा तिसरा. शेजाऱ्याला जी कंपनी फायद्याची, ती आपल्याला असेलच असे नाही. म्हणून नियम एवढाच : आपल्याच घरची बारा महिन्यांची युनिटे घ्यावीत, दोन्ही दरपत्रकांनी सगळ्या आकारांसह वर्षाचे बिल मांडावे आणि मग वजाबाकी करावी. मे आणि डिसेंबर यांची वजाबाकी म्हणजे आंब्यातून बोरे वजा करण्यासारखे आहे.

आणि एवढे करूनही उत्तर कायमचे नसते. मोठे ग्राहक जुनी कंपनी सोडून गेले, तेव्हा त्यांच्या जादा दरातून गरीब ग्राहकांना मिळणारी सवलत कोणी भरून काढायची, हा प्रश्न उभा राहिला. 2011 साली आयोगाने कंपनी बदललेल्यांवर त्यासाठी अधिभार बसविला. 2012 साली तर वर्षभरासाठी, महिना तीनशे युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच बदलण्याची मुभा ठेवली. दर फिरले तसे उलट पावली परतणारेही निघाले. ताईचे एकशे वीस रुपयेही त्या अधिभारात झिजत गेले.

बड्यांच्या बचतीचे ओझे कोणाच्या तरी माथ्यावर बसत होते, हे त्या अधिभाराने निदान कागदावर मांडले. मुळशीच्या खाचरांचा हिशेब मात्र कोणत्याच दरपत्रकात मांडला गेला नाही. म्हणून बचत झाली असे कोणी सांगितले की मी दोन प्रश्न विचारतो : किती झाली, आणि ती कोणाची? पहिल्याचे उत्तर पाटीवर सुटते. दुसऱ्याला जरा मागे वळून पाहावे लागते.

ताईने पोस्टातले खाते बंद केले नाही. रिक्षा सोडून ती स्टेशनपर्यंत पायी जाऊ लागली आणि पाचशे रुपये भरत राहिली. दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला, आणि त्या महिन्याचे बिल चांगलेच फुगले. ते हातात नाचवीत ताई मला म्हणाली, ‘‘हे बघ, दीडशे रुपये जास्त! आणि आज मला मुळीच हिशेब सांगू नकोस.’’

मीही सांगितला नाही.