जुनी गाडी : दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?

गाडी पंधरा वर्षांची झाली आणि मिस्त्रीने तीस-चाळीस हजारांचं काम सांगितलं, की घरात दोन पक्ष पडतात. अब्बा म्हणतात, "इंजिन अजून ठणठणीत आहे." पोरं म्हणतात, "देऊन टाका भंगारात." शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. निलंग्याचा दवाखाना, उदगीरचं लग्न, लातूरला शिकणाऱ्या मुलीला आणणं, या सगळ्याला शेजारीपाजारीही तीच गाडी मागतात. म्हणून निर्णय रागात किंवा मायेत न घेता क्रमाने घ्यावा: आधी कागद, मग सांगाडा, मग इंजिन, आणि शेवटी हिशेब.

पंधरा वर्षांचा नियम नेमका काय?

पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो चुकीचा आहे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची, ती पास झाली की नोंदणी ५ वर्षांनी वाढते. पुढेही दर ५ वर्षांनी तसंच. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा विषय आहे. त्याची सुरुवात हरित लवादाच्या आदेशांनी झाली. तो नियम मराठवाड्याला लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं, ते सरकारी गाड्यांचं.

आधी कागद

आरसी बुक काढा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, मुदत. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून खाजगी कारच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० करण्यात आली. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणजे दोन वर्षं दुर्लक्ष केलं तर नुसता उशिराचा आकडा १२,००० होतो. त्यात राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि २०१९ पूर्वीच्या गाडीसाठी नवी सुरक्षा नंबरप्लेट धरा. हा सगळा खर्च मिस्त्रीच्या बिलात नसतो, पण तो गाडीचाच खर्च आहे.

दुसरी, बोजा. बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज फिटलं असेल, तरी आरसीवरचा बोजा उतरवला आहे का ते बघा. तो तसाच असेल तर गाडी विकायलाही अडचण आणि भंगारात द्यायलाही.

तिसरी, नाव. आपल्या बऱ्याच घरांत गाडी मरहूम वडिलांच्या नावावरच राहते. मालकाचं निधन झालं तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. ते राहून गेलं असेल तर दुरुस्ती किंवा भंगाराचा विचार करण्याआधी भावा-बहिणींची संमती घेऊन हे काम उरका. गाडी हाही तर्काच आहे, त्यात सगळ्या वारसांचा हिस्सा असतो.

सांगाडा

इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं. सांगाडा गेला की काही उरत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर चढवून खालून बघा. मारुती ८००, अल्टो, इंडिका यांसारख्या गाड्यांत वेगळी चेसिस नसते. खालचा पत्राच सगळा भार पेलतो. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा सडला असेल, स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर भोक पडत असेल, तर डेंटिंग-पेंटिंगवर पैसे घालू नका. बोलेरो, टवेरा यांसारख्या गाड्यांना खाली वेगळी लोखंडी चेसिस असते, त्यामुळे वरची बॉडी दुरुस्त करता येते. पण ती चेसिसच वाकली किंवा तडकली असेल तर तिथे थांबा. आपल्या कोरड्या हवेत गंज हळू चढतो. मुंबई-कोकणात चाललेली गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर मात्र जास्त बारकाईने बघा.

इंजिन, पाणी आणि पेट्रोल

धुराचा रंग बरंच सांगतो. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते आहे, रिंग-पिस्टनचं काम निघेल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. हे बहुतेक वेळा कमी खर्चात सुटतं.

मराठवाड्यातल्या बऱ्याच गाड्या मरतात त्या पाण्याने. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलं की आत क्षार जमतात, नळ्या बुजतात आणि मे महिन्यात गाडी तापते. अशा गाडीचं इंजिन बांधलं आणि रेडिएटर तोच ठेवला, तर ते काम पुन्हा निघणारच. म्हणून मिस्त्रीला काय बिघडलं एवढंच विचारू नका, का बिघडलं तेही विचारा.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्या हिशेबाने बनवलेले नव्हते. गाडी ठेवायची असेल तर हे पाइप आधी बदला. पेट्रोलची गळती म्हणजे आगीचा धोका.

सुटे भाग मिळतील का, हेही बघा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की भाग सहज मिळतात. शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. अशा गाडीचा एखादा भाग महिनाभर मिळाला नाही तर घरचं काय अडेल, याचा विचार करून ठेवा.

हिशेब

मिस्त्रीला नुसतं "किती लागतील" न विचारता "हे काम केल्यावर किती वर्षं जाईल" असं विचारा. समजा गॅरेजचे ४०,०००, टायर-बॅटरीचे १५,००० आणि नूतनीकरणाचे ५,००० असे ६०,००० लागले. गाडी चार वर्षं चालली तर वर्षाला १५,००० पडले. एकच वर्ष चालली तर वर्षाला ६०,०००.

त्यासमोर दुसरी गाडी ठेवा. अडीच लाखांची सेकंडहँड गाडी आठ वर्षं चालली तर वर्षाला ३१,२५० पडतात. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणाऱ्याची जुनी गाडी लिटरला १५ आणि दुसरी २० देत असेल, तर जुनीला १०० लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे साधारण दहा हजार रुपये. तरीही जुनी २५,००० ला पडते. सांगाडा आणि कागद ठीक असतील तर दुरुस्तीच परवडते. रोज लातूरला येणं-जाणं असेल, तर हा हिशेब उलटतो.

नवी गाडी हप्त्यावर घ्यायची तर व्याजही धरावं लागतं. ज्या घरांना सूद टाळायचा आहे, त्यांच्यासाठी जुनी गाडी तीन-चार वर्षं नीट चालवून दरमहा रक्कम बाजूला टाकणं हा सरळ मार्ग आहे. बिदरची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर जोडून मगच भाव करा.

पैशांत न बसणारी गोष्ट सुरक्षिततेची. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक स्वस्त गाड्यांत ती नाही. गावात आणि शेतावर चालवायला अशी गाडी ठीक. मुलाबाळांना घेऊन रात्री हायवेने हैदराबादला जायचं असेल तर भाड्याची चांगली गाडी घ्या.

भंगारात देताना

इथे सगळ्यात मोठी चूक होते. गाडी भंगारवाल्याला दिली, पैसे मोजून घेतले, आणि आरसी तशीच राहिली. त्याने ती न तोडता कुणाला विकली आणि अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर. विमा नसलेल्या गाडीने कुणाचा जीव गेला तर हा आकडा लाखांत जातो. भंगाराचे पंधरा-वीस हजार कुठे आणि हे कुठे!

म्हणून सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच गाडी द्या. २०२१ च्या नियमांनुसार ही केंद्रं चालतात. गाडी कुठल्याही जिल्ह्याच्या पासिंगची असली तरी चालते. केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या पोर्टलवर आहे. थकीत ई-चलान आणि कर आधी भरून घ्या. गाडी जमा केल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खाजगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे, आपल्या राज्याचा सध्याचा दर आरटीओत विचारा. हे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे करता येतं, म्हणजे तुम्हाला गाडी घ्यायची नसेल तर भाऊ किंवा मेहुण्याच्या कामी येईल. शेवटी आरसी रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर स्वतः तपासा.

चालू गाडी विकताना

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी सोडून देऊ नका. नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. आणि गाडीत जो ऐब आहे तो घेणाऱ्याला तोंडावर सांगा. ब्रेक धरत नाही हे लपवून दोन हजार जास्त मिळतील, पण त्याच गाडीत उद्या कुणाची तरी लेकरं बसणार आहेत.