धुरातला वायू धरणाऱ्या दगडांची कुळकथा

औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड टिपणाऱ्या घन शोषकांचे मूळ शोधताना माणूस हवामानबदलाच्या चर्चेत शिरतो आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतच घोटाळत राहतो. ते मूळ एडिनबरोमध्ये आहे, 1750 च्या दशकात. जोसेफ ब्लॅक मूतखड्यावर औषध शोधत होता. त्या काळी या दुखण्यावर चुन्याची निवळी देत, पण ती दाहक; सौम्य पर्याय म्हणून त्याने मॅग्नेशिया हाती घेतला. तो तापवला की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जाई आणि वजन घटे. चुनखडीचेही तेच. 1756 च्या निबंधात त्याने दाखवले, की भाजलेल्या चुन्याला तो वायू परत मिळाला की त्याची पुन्हा खडी होते आणि गेलेले वजन जवळजवळ भरून येते. माझ्या मते या विद्येचे सगळे मर्म त्या परतफेडीत आहे. वायू धरणारे पदार्थ पुष्कळ. पण धरलेला वायू थोडक्या खर्चात सोडून पुन्हा कामाला लागणारे विरळा.

पुढे बराच काळ या प्रयोगाचा वायू धरण्याचा अर्धाच भाग वापरात राहिला. भूल देण्याच्या बंदिस्त यंत्रात सोडा-लाइम भरत आणि ते संपले की फेकून देत. अपोलो यानांतल्या लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांचेही तसेच. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या अंतराळवीरांना चौकोनी डबे चिकटपट्टी आणि प्लास्टिकने गोल डब्यांच्या यंत्रणेला जोडावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण ती वेळ आली, कारण डबे एकदाच चालणारे होते. 1973 च्या स्कायलॅबमध्ये मुक्काम महिन्यांचा होता, तेव्हा इतके डबे नेणे परवडणारे नव्हते. तिथे झिओलाइट आले. युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी 1940 च्या दशकाअखेरीस कृत्रिम झिओलाइट घडवले होते. त्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत वायू फक्त चिकटतो, घट्ट रासायनिक बंध होत नाही. म्हणून अंतराळाच्या निर्वातात उघडताच तो सुटतो.

अंतराळात जमले म्हणून धुराड्यावर जमेल का, ही शंका रास्तच आहे. तीन अंतराळवीर मिळून दिवसाला जेमतेम तीन किलो कार्बन डायऑक्साइड सोडतात. चंद्रपूरचा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर तासाला साडेचारशे टनांच्या आसपास. शिवाय धुरात वाफ असते, आणि झिओलाइटला पाणी कार्बन डायऑक्साइडहून प्रिय. स्कायलॅबमध्ये हवा आधी कोरडी करणारा वेगळा थर होता; एवढा धूर वाळवायचा म्हणजे वीज केंद्राने स्वतःचीच वीज खायची. दुसरा आक्षेप असा, की हाच वायू शोषणारी अमाइनची द्रावणे 1930 पासून पेटंटमध्ये आहेत, 2014 पासून कॅनडातल्या बाउंडरी डॅमच्या कोळसा केंद्रावर राबतात. मग घन हवेतच कशाला? कारण पारंपरिक द्रावणात सत्तर टक्के पाणी असते आणि वायू सोडवताना दर फेरीला तेही तापवावे लागते. मात्र द्रव पंपाने फिरवता येतो. घनाचे थर हलवणे आणि त्यांत उष्णता नेणे कटकटीचे, हे मान्य करायलाच हवे. आणि सोडण्याचा खर्च घनालाही चुकत नाही. चुना सुमारे 900 अंशांना वायू सोडतो, पण फेऱ्यांमागून फेऱ्या भाजला गेल्याने त्याची छिद्रे बुजतात. सिलिकावर चढवलेले अमाइन कमी तापमानावर सुटते, पण ऑक्सिजन आणि गंधकाचे वायू त्याला हळूहळू निकामी करतात.

म्हणूनच कॅल्गरीच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाचा काल्फ-20 मला या कुळाचा खरा वारस वाटतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जस्ताच्या या सच्छिद्र जाळीने वाफेच्या साडेचार लाखांवर फेऱ्या सोसल्या, आणि पाणी समोर असतानाही कार्बन डायऑक्साइडलाच झुकते माप दिले. पण ते सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तेव्हा. गंधक धुऊन बाहेर पडणारा कोळशाचा धूर वाफेने जवळपास संपृक्त असतो. त्याची आर्द्रता तिथवर उतरवण्याचा खर्च अजून त्याच केंद्राच्या माथी आहे.